सम्मेद चौगुलेचा कोरीन

सम्मेद चौगुले एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता. मूळ गाव गडमुडशिंगी, राहायला कसबा बावड्यात, नव्या अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर. वय तिशीच्या थोडं पुढं, अंगानं मध्यम आणि आवाज त्याहून मध्यम. कोल्हापूरच्या माणसानं नुसतं "काय म्हणताय?" विचारलं तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. सम्मेदचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचायचा आणि तेवढा त्याला पुरायचा.

कारखान्यात उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, एवढंच खरं त्याचं काम. पण वजनकाट्यावरचा माणूस रजेवर गेला की सम्मेद काट्यावर. बॉयलरच्या पाण्याची काही तक्रार आली की सम्मेद तिकडं. कुणाचे पाहुणे कारखाना बघायला आले की त्यांना हिंडवायलाही सम्मेदच. लॅबचे साहेब उदयसिंह निंबाळकर यांच्या तोंडी "सम्मेदला सांगा की" हे दिवसातनं दहादा यायचं. सम्मेदला त्याचं बरंही वाटायचं नाही आणि वाईटही नाही. सांगितलं की तो उठायचा.

त्याची बायको ऐश्वर्या. तिचं माहेर सीमेपलीकडं, सदलग्याच्या बाजूला. तिकडच्या बायका पुरुषांसारखं "मी येतो, मी जातो" असंच बोलतात, तशी तीही बोलायची. बावड्यातल्या शेजारणी सुरवातीला हसल्या, मग त्यांना सवय झाली. एका शाळेत ती गणित शिकवायची आणि पोरं तिला टरकून असायची. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघितल्यावर तिला दिवस गेले. सम्मेदची आई, सीताबाई, गावाहून दर आठवड्याला काहीतरी करून पाठवायची. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर. सम्मेद डबे आणायचा आणि मोकळे परत न्यायचा.

आठव्या महिन्यात एका दुपारी ऐश्वर्यानं शाळेतनं फोन केला. "सकाळपासनं बाळ हलंना झालंय," ती म्हणाली. "मी रिक्षानं निघालो. तुम्ही सरळ दवाखान्यात या."

सम्मेद पोचला तेव्हा तिला आत नेलं होतं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाळ गेलंय, पण आईच्या जिवाला धोका नको म्हणून लगेच ऑपरेशन करावं लागेल आणि पूर्ण भूल द्यावी लागेल. सम्मेदनं मान हलवली. सीताबाई गावाहून आली, ऐश्वर्याचा भाऊ श्रेणिक सदलग्याहून निघाला. तास-दीड तासानं नर्स दार उघडून बाहेर आली. तिच्या हातात हिरव्या कापडातलं काहीतरी होतं.

"मुलगी होती," नर्स म्हणाली. "बघणार का?"

"मी आधी औषधं घेऊन येतो," सम्मेद म्हणाला.

तो खाली मेडिकलमध्ये गेला. रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं मागच्या माणसाला पुढं जाऊ दिलं. त्याच्याही मागच्या बाईला जाऊ दिलं. वर आला तोवर सीताबाईनं पोरीला पुसून, न्हाऊ घालून, पांढऱ्या सुती कापडात तोंडावरनं गुंडाळून ठेवलं होतं. श्रेणिकही पोचला होता, त्यानं गाडी काढली. गडमुडशिंगीपर्यंत ते गाठोडं सम्मेदच्या मांडीवर होतं. सगळ्या वाटेत एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती, की गाडीतला एसी चालू ठेवायचा का काच खाली करायची. शेताच्या बांधाला त्यांनी तिला पुरलं. 

संध्याकाळी ऐश्वर्या शुद्धीवर आली. तिनं पहिलं विचारलं, "कशी होती?"

"तुझ्यासारखी," सम्मेद म्हणाला.

ती परत झोपली.

त्यानंतरचे दिवस सम्मेदला नीट आठवत नाहीत. ऐश्वर्याला श्रेणिक माहेरी घेऊन गेला. सम्मेद कामावर हजर झाला, तर उदयसिंह साहेब चपापले. "अरे, घरी थांब की चार दिवस. कोण काय म्हणणार हाय तुला?"

"घरी काय करू?" सम्मेदनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.  साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो हात तिथं आहे हे सम्मेदला कळलं आणि एवढंच कळलं. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो, मग ओठाला बोट लावलं तर बोट कळतं, ओठ कळत नाही. तसं त्याचं सगळंच झालं होतं. तो जेवायचा, आंघोळ करायचा, शेजाऱ्यांशी बोलायचा. कुणी सांत्वनाला आलं तर त्यालाच चहा करून द्यायचा.

फोनमध्ये क्रिटोरा नावाचा एक गेम कधीचा पडून होता. कॉलेजात असताना सम्मेद तो बऱ्यापैकी खेळायचा. कामावरनं येऊन, घरच्या रीतीप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवून, तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि तो गेम उघडायचा. खेळायची हौस म्हणून नव्हे. हातात काहीतरी हवं म्हणून.

त्या गेममध्ये शेकडो विचित्र प्राणी असतात. कुणी आग ओकतो, कुणी विजेचा, कुणी दगडाचा. प्रत्येक खेळाडूकडं सहा प्राण्यांची टीम. लढत सुरू व्हायच्या आधी दोघांना एकमेकांचे सहाही प्राणी दिसतात, त्यातले तीन निवडून मैदानात न्यायचे, पण समोरच्यानं कुठले तीन निवडले ते कळत नाही. मैदानावर एका वेळी एकच प्राणी. प्रत्येक डावाला दोघांनीही गुपचूप आपली चाल ठरवायची: हल्ला, बचाव, ताकद वाढवणं किंवा प्राणी बदलणं. मग दोन्ही चाली एकदमच उघड होतात.

सम्मेदच्या टीममध्ये कोरीन नावाचा एक प्राणी होता. पाठीवर साळिंदराचे काटे, पोट मऊ, शेपूट मुंगसाची. ताकद मध्यम, वेग मध्यम, सोसायची कुवतही मध्यम. नवखे खेळाडू त्याला हात लावत नसत. कशातच पहिला नंबर नाही, मग घ्यायचा कशाला? पण शिकवाल ते तो शिकतो. मारायला शिकवलं तर अटॅकर होतो, मार खाऊन तग धरायला शिकवलं तर टँक होतो, दुसऱ्याला बळ द्यायला शिकवलं तर सपोर्ट होतो. बाहेरनं बघून काही कळत नाही. तिन्ही कोरीन दिसायला एकच.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या खेळाडूंचा एक ग्रुप होता, सम्मेदही त्यात होता. राजारामपुरीत मोबाईलचं दुकान चालवणारा सम्राट नावाचा एक गडी तो सांभाळायचा. सम्मेद गेमच्या क्रमवारीत वर चढतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं एकदा फोनच लावला.

"पावणं, तुमचा कोरीन लै डेंजर हाय. काय शिकवलंय त्याला?"

"फार काही नाही. एकच काम."

"एकच? मग आमाला तीन का दिसत्यात?"

"ते तुम्हाला दिसतात," सम्मेद म्हणाला. मग त्याला वाटलं आपण तुसडेपणानं बोललो, म्हणून त्यानं समजावून सांगितलं. एरवी कारखान्यात महिनाभरात बोलला नसेल एवढं तो त्या फोनवर बोलला. लोक काय करतात, सगळं येतंय म्हणून कोरीनला सगळं थोडं थोडं शिकवतात. एक हल्ला, एक उपचार, एक मदत. मग तो कशालाच पुरा पडत नाही. त्याला एकच काम द्यायचं, ते नीट द्यायचं आणि बाकीच्या दोन कामांची भीती समोरच्याच्या डोक्यात ठेवायची. त्यासाठी टीममधले बाकीचे पाच नीट निवडायचे. आधीच दोन टँक असतील तर कुणीही ओळखणार की कोरीन अटॅकर आहे. बाकीच्या पाचांकडं बघून कोरीन काहीही असू शकेल, असं वाटलं पाहिजे. आणि तो काय आहे हे जितकं उशिरा कळेल तितकं बरं. एकदा कळलं की त्याची निम्मी ताकद गेली. कधी कधी तर त्याला तिघांत घ्यायचंच नाही. तो येईल येईल म्हणून समोरचा अंग राखून खेळतो, तेवढ्यात आपलं काम होतं.

"च्यायला," सम्राट म्हणाला. "म्हंजे जनावर मध्यम, पर त्येचा धाक मोठा."

"असंच काहीतरी."

"रविवारी येत जावा की. दुकानाच्या वर हॉल हाय आपला. चार पोरं शिकतील."

"बघतो," म्हणून सम्मेदनं फोन ठेवला. गेला मात्र नाही.

ऐश्वर्या माहेराहून परत आली तेव्हा उसाचा हंगाम तोंडावर आला होता. तिनं शाळा सुरू केली. घरात दोघं एकमेकांशी व्यवस्थित बोलत. गॅस संपत आलाय, दूधवाला उद्या येणार नाही, उन्हातनं आलाय तर पाणी घ्या. भांडण नव्हतं. शेजारच्या बाईला तर वाटलं, किती समजूतदार आहेत दोघं. संध्याकाळी सम्मेद गॅलरीत बसायचा आणि ऐश्वर्या आत पेपर तपासायची. मधल्या दारातनं तिला त्याच्या फोनचा पडदा दिसायचा.

एका रविवारी दुपारी ती शेंगा सोलत दाराशी बसली होती. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "ह्यो काटेवाला का मरंना?"

सम्मेदनं वर बघितलं. "तो टँक आहे आज. सोसतोय."

"काल तर मारत होता."

"काल दुसरं शिकवलं होतं."

"म्हणजे समोरच्याला कळतच न्हाई?"

"नाही. तेच तर आहे."

ती शेंगा सोलत राहिली. थोड्या वेळानं तिनं आपला फोन पुढं केला. "मला घालून द्या की. मी बघतो जरा."

पहिले काही आठवडे ती हरली. हरल्यावर चिडायची नाही, हसायचीही नाही, "परत" एवढंच म्हणायची. सम्मेदनं तिला वाघासारखे, अजगरासारखे दांडगे प्राणी दिले, तिनं ते ठेवले. कोरीन मात्र तिनं घेतला नाही. "तुमच्याकडंच असू दे," म्हणाली. तो गॅलरीत आणि ती आत जमिनीवर भिंतीला टेकून, असे ते खेळायचे. मध्ये दार उघडं. त्या तासाभरात बाकी काही बोलावं लागायचं नाही, ते दोघांनाही सोयीचं होतं. प्रत्येक लढत संपली की ती विचारायची आणि तो सांगायचा. माझा प्राणी आधी कसा हलला? त्याचा वेग जास्त. मग तुमच्या कोरीनला मार कमी का बसला? तो आज टँक होता. म्हणजे एका फटक्यात किती लागतंय बघितलं की तो कोण ते कळतं? सम्मेदला गंमत वाटायला हवी होती. हो, कळतं, तो म्हणाला. म्हणून तर पहिला फटका बसू द्यायचा नाही.

मग एक दिवस ती जिंकली. तिच्या अजगरानं पहिल्याच डावाला आपली ताकद दुप्पट करून घेतली, दुसऱ्याला कोरीन आडवा झाला, मग उरलेले दोघं. सम्मेदनं फोन मांडीवर ठेवला.

"चुकून लागलं," तो म्हणाला.

"परत," ती म्हणाली.

परत तेच झालं. तिसऱ्यांदाही. कोरीन अटॅकर असो, टँक असो, सपोर्ट असो, तिला ते कळायची गरजच पडत नव्हती.

"कसं करतेस?" सम्मेदनं दारातनं वाकून विचारलं.

"तुम्ही पहिल्या डावाला कायम बचाव घेताय."

"नाही."

"कायम. समोर कोण बी येऊ दे. आधी बचाव. दुसरा काय करतोय ते बघून घ्यायचं, मग आपलं ठरवायचं." पडद्यावरची नजर न काढता ती बोलत होती. "बचावाला कुणाचा हल्ला लागत न्हाई हे खरं, पण त्या डावाला तुमच्याकडनं बी काय होत न्हाई. मला तो एक डाव फुकट मिळतोय. मी त्यात माझं बळ वाढवून घेतो."

सम्मेदनं जुन्या लढती काढून बघितल्या. गेम त्या साठवून ठेवतो. पहिला डाव, बचाव. पहिला डाव, बचाव. हरलेल्या, जिंकलेल्या, सगळ्या लढतींत तेच. कोरीन काय आहे हे कुणाला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केलेला, आणि सम्मेद काय करणार हे मात्र बघणाऱ्याला उघड दिसत होतं. बाहेरच्या लोकांनी ते बघितलं नव्हतं, कारण ते कोरीनकडं बघत होते.

"सवय आहे," तो म्हणाला.

"व्हय," ऐश्वर्या म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

जानेवारीत सम्राटनं हॉलमध्ये स्पर्धा ठेवली. त्यानं सम्मेदचं नाव परस्पर घातलं होतं. सम्मेदनं ऐश्वर्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझं बी घाला." रविवारी दोघं स्कूटरवरनं राजारामपुरीला गेले. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, वडापावचा वास आणि कॉलेजच्या पोरांचा कल्ला. सम्राट जाडजूड, हसतमुख गडी निघाला. "हे आमचं कोरीनवालं पावणं," म्हणून तो सम्मेदला सगळीकडं दाखवत हिंडला. ऐश्वर्याला त्यानं बसायला पंख्याखालची खुर्ची दिली आणि ती खेळणार आहे हे कळल्यावर "सॉरी हं वहिनी" म्हणत तिचं नाव पुकारलं.

पहिल्या फेरीत सम्मेदनं ठरवून पहिल्याच डावाला हल्ला केला आणि जिंकला. दुसऱ्या फेरीत समोर इचलकरंजीची एक दातांची डॉक्टर होती. शांत बाई, खेळताना हिशेबानं ओठ हलवणारी. सम्मेदनं या वेळीही हल्लाच ठरवला होता. त्याचं बोट हल्ल्यावर गेलं, थांबलं, आणि सरकून बचावावर टेकलं. ते आपण केलं असं त्याला वाटलं नाही, झालेलं दिसलं फक्त. बाईनं तो डाव ताकद वाढवायला वापरला. पुढचं सगळं त्याला आधीच ठाऊक होतं. तिनं उठून हात मिळवला. "छान टीम आहे तुमची," ती म्हणाली. "कोरीन काय होता हो आज?"

"सपोर्ट," सम्मेदनं सांगितलं.

"अरे देवा. मला अटॅकर वाटला," ती हसली.

ऐश्वर्या मात्र खेळत राहिली. शेवटच्या चौघांत गेली तेव्हा पोरं तिच्या खुर्चीभोवती उभी होती. ती हरली तिथं, पण अगदी थोडक्यात, आणि सम्राटनं माईकवरनं तिच्या नावानं टाळ्या वाजवायला लावल्या. सम्मेदही टाळ्या वाजवत होता. आपल्याला अभिमान वाटत असणार, असं त्याच्या मनात आलं.

चारच्या सुमाराला ते निघाले. कावळा नाक्याला सिग्नल लाल होता. समोर एसटी, बाजूला उसाची ट्रॉली. ऐश्वर्या मागं बसली होती, तिची पर्स दोघांच्या मध्ये.

"अहो."

"हं?"

"तुम्ही तिला बघितलं न्हाई, न्हवं?"

सम्मेदनं विचारलं नाही, कुणाला. ट्रॉलीतनं उसाचं एक टिपरू खाली पडलं, मागच्या मोटरसायकलवाल्यानं ते उचललं.

"नाही," तो म्हणाला.

"मला वाटलंच." तिच्या आवाजात राग नव्हता. गणित तपासताना असायचा तसा आवाज होता. "मी विचारलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, तुझ्यासारखी. लगेच. बघितलेल्या माणसाला सांगायला जरा वेळ लागला असता."

सिग्नलचे आकडे उतरत होते.

"मला भूल होती," ती म्हणाली. "मला वाटायचं, निदान तुमच्याकडं आहे ती. कधीतरी सांगाल. म्हणजे आपल्यातलं कुणीच..." तिनं मधली पर्स सावरली. "मग कुणी बघितलं?"

"आईनं."

सिग्नल हिरवा झाला. बावड्याला जायचं सोडून सम्मेदनं गाडी उचगावच्या दिशेला, गावाकडं घातली. 

गडमुडशिंगीत सीताबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. दोघांना अवचित बघून ती ताट बाजूला ठेवून उठायला लागली. "काय गं बाई, फोन तरी करायचा. जेवूनच जावा आता, दिवस हाय अजून."

"आई, बसा," ऐश्वर्या म्हणाली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसली. "मला सांगा, ती कशी होती?"

सीताबाईनं आधी सुनेकडं बघितलं, मग उंबऱ्यात उभ्या असलेल्या मुलाकडं. तिनं पदरानं हात पुसले. "कुणी इचारलंच न्हाई गं मला," ती म्हणाली. "मला वाटलं, इचारायचं न्हाई तुमास्नी. म्हणून मी बी गप बसले."

"आता विचारतोय."

"केस लै हुतं," सीताबाई म्हणाली. "काळंभोर, हितं कपाळापातूर आल्यालं. मी इंचरलं बोटांनी. नाक तुझं. कान ह्येच्या बापाचं, असं भायेर आल्यालं. हाताची बोटं लांब, नखं वाढल्याली. डाव्या पायाचा अंगठा जरा वाकडा हुता." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती. "नर्स म्हनली, आजी, नुसतं पुसा. मी म्हनलं, न्हाई, न्हाऊ घालनार. गरम पानी मागून घेतलं. पाय आकडल्यालं हुतं तिचं, कापडात बसंनात. मी म्हनलं, आक्का, पाय सरळ कर गं बाई. आन हळूहळू चोळलं तसं केलं की तिनं."

"आक्का म्हणालात?" ऐश्वर्यानं विचारलं.

"मग काय म्हनायचं? पोरीला न्हाऊ घालताना कायतरी हाक मारायला लागती का न्हाई?"

ऐश्वर्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती मोठ्यानं रडली, शेजारची धोंडुबाई परड्यातनं डोकावून परत गेली इतक्या मोठ्यानं. सीताबाई तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. सम्मेद उंबऱ्यात उभाच होता. मग तो खाली बसला आणि ताटातले तांदूळ निवडायला लागला. खडे फारसे नव्हतेच.

"डोळे?" त्यानं विचारलं.

"झाकल्यालं हुतं," सीताबाई म्हणाली. "झोपल्यागत."

त्यानं मान हलवली. आपल्याला आता काहीतरी होईल म्हणून तो वाट बघत होता, पण काही झालं नाही. आईनं भाकरी केली, तव्यावरची वांगी होती. दिवस मावळायच्या आत तिघं जेवले. ऐश्वर्याचे डोळे सुजले होते आणि ती दोन घास जास्तच जेवली. सीताबाईनं सोबत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. निघताना ऐश्वर्या तिच्या पाया पडली, तर सीताबाईनं तिला वरच्यावर उचललं.

येताना उचगावजवळ स्कूटर रिझर्व्हला आली. सम्मेद पंपावर वळला. पुढं दोन गाड्या होत्या. त्याचा नंबर आला, त्यानं सीट उचलून झाकण काढलं. पंपावरचा माणूस हातात नळी घेऊन उभा राहिला.

"किती टाकू, पावणं?"

सम्मेदनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. किती म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं, दर वेळी तो तेच म्हणायचा. पण शब्द आला नाही. त्यानं परत तोंड उघडलं. केस लै हुतं, एवढंच त्याच्या कानात होतं. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

"ओ पावणं, किती टाकू म्हणतोय."

सम्मेदच्या गळ्यातनं एक आवाज निघाला. पहिल्यांदा त्यालाच कळलं नाही की तो आपला आहे. शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचणारा त्याचा आवाज नव्हता तो. पंपावरची माणसं वळून बघायला लागली. हवा भरणारा हातातली पाईप तशीच धरून उभा राहिला. सम्मेदनं झाकण मुठीत धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं सीटचा आधार घेतला होता.

"फुल्ल करा," ऐश्वर्या त्या माणसाला म्हणाली.

टाकी भरली. तिनं फोन दाखवून पैसे दिले, सम्मेदच्या मुठीतनं झाकण सोडवून लावलं आणि गाडी ढकलत हवेच्या मशीनशेजारी नेली. सम्मेद तिच्यामागनं चालत गेला. तिथल्या कठड्यावर तो बसला आणि बराच वेळ बसून राहिला. ती शेजारी उभी होती. गप्प बसा, असं ती म्हणाली नाही. एका ट्रकवाल्यानं पाण्याची बाटली आणून दिली आणि काही न विचारता तो परत गेला.

अंधार पडायला लागला तेव्हा सम्मेदनं तोंड धुतलं. किल्ली घ्यायला त्यानं हात पुढं केला. 

ऐश्वर्यानं किल्ली दिली नाही. पर्स गळ्यात अडकवून ती पुढच्या सीटवर बसली.

"मागं बसा," ती म्हणाली. "मी चालवतो."